अवजारांनी डावे-उजवे करू नये

महोदय,

१३ ऑगस्टला जागतिक डावखुरा दिन असतो. त्या दिवशी नामवंत डावखुऱ्यांविषयी भरभरून छापून येते. कारखान्यात, शिवणखात्यात, प्रयोगशाळेत आणि कचेरीत रोज आठ-आठ तास उजव्या हाताची अवजारे वापरणाऱ्या डावखुऱ्यांविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. आम्ही अवजारे हाताळायला शिकवतो, खरेदीच्या वेळी सल्लाही देतो. त्यामुळे काय अडते, का अडते आणि त्यावर काय करता येते, तेवढेच या पत्रात मांडतो.

२० लाखांहून अधिक माणसांच्या नोंदी एकत्र करून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डावखुऱ्यांचे प्रमाण सुमारे १०.६ टक्के निघाले. म्हणजे ४० जणांच्या खात्यात साधारण चार जण. चार जणांसाठी वेगळे अवजार कशाला, होईल त्यांना सवय, असे उत्तर बहुतेक ठिकाणी मिळते. सवय होते हे खरे आहे, पण ती कशाची होते ते बघायला हवे. मनगट वाकवून, अंगठ्यावर उलटा जोर देऊन, रेघ न बघता अंदाजाने कापण्याची ती सवय असते.

कात्रीपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिच्याबद्दल आहेत. टोक समोर धरून कात्री उघडली की नेहमीच्या कात्रीत वरचे पाते उजव्या बाजूला दिसते. उजव्या हाताने मूठ मिटताना अंगठा आपली कडी नकळत डावीकडे ढकलतो आणि बोटे दुसरी कडी उजवीकडे ओढतात. खिळ्यापाशी हा जोर उलटतो आणि दोन्ही पाती एकमेकांवर दाबली जातात. कात्री कापते ती धारेइतकीच या दाबामुळे. तीच कात्री डाव्या हातात घेतली की अंगठ्याचा जोर उजवीकडे जातो, पाती एकमेकांपासून दूर सरकतात आणि कापड त्या फटीत दुमडून अडकते. बघणाऱ्याला वाटते धार गेली आहे. शिवाय वरचे पाते उजवीकडे असल्याने खडूची रेघ त्याच्या आड जाते, ती बघायला डावखुऱ्याला मान वाकडी करावी लागते.

कात्री उलटी धरली तर चालेल का, असे पुष्कळ जण विचारतात. चालत नाही. उलटी करून बघा, वरचे पाते पुन्हा उजवीकडेच येते. खिळा आवळून थोडे दिवस निभावते, पण कात्री जड चालते आणि पाती लवकर झिजतात. ‘दोन्ही हातांसाठी’ असे लिहिलेल्या कात्र्यांत बहुतेक वेळा फक्त मुठीचा आकार सारखा केलेला असतो, पाती उजवीच असतात. खरी डावी कात्री ती, जिचे वरचे पाते डावीकडे असते. दुकानात हे तपासायला पाच सेकंद लागतात.

यात एक अडचण आधीच सांगायला हवी. ज्याने वीस वर्षे उजवी कात्री डाव्या हाताने चालवली आहे, त्याचा अंगठा उलटा जोर द्यायला शिकलेला असतो. त्याच्या हातात डावी कात्री दिली की पहिले काही दिवस तीही नीट कापत नाही. ‘बघा, उपयोग नाही’ म्हणून ती कपाटात जाते. हात मोकळा सोडून, नवा जोर न लावता, आधी जाड कागदाच्या पट्ट्या कापायला द्याव्यात. दोन-तीन आठवड्यांत जुना जोर सुटतो. डाव्या कात्रीच्या मुठीला ठळक रंगाची पट्टी गुंडाळावी. नाहीतर कोणीतरी उजव्या हाताने ती उचलतो, कापत नाही म्हणून धार लावायला पाठवतो आणि नीट असलेली धार घालवून बसतो.

पत्रा कापायच्या कात्र्यांत वेगळाच घोटाळा होतो. त्यांच्या मुठी लाल, हिरव्या आणि पिवळ्या असतात. लाल डावीकडे वळणाऱ्या कापासाठी, हिरवी उजवीकडे वळणाऱ्या कापासाठी आणि पिवळी सरळ कापासाठी. हे रंग कापाची दिशा सांगतात, कामगाराचा हात सांगत नाहीत. तरीही ‘लेफ्ट’ लिहिले आहे म्हणून लाल कात्री डावखुऱ्यासाठी मागवली जाते. ‘डावा’ हा शब्द अवजारांच्या यादीत फार ठिकाणी येतो आणि बहुतेक ठिकाणी त्याचा डावखुऱ्यांशी काही संबंध नसतो. लेथवरचे (नग फिरवून कापणाऱ्या यंत्रावरचे) डावे टूल डावीकडून उजवीकडे कापते. ॲसिटिलीनच्या जोडणीला डावे आटे असतात ते ऑक्सिजनची नळी चुकून तिथे बसू नये म्हणून. यादीवर खूण करणाऱ्याला हा फरक ठाऊक नसेल तर मदतीच्या नावाखाली भलतेच सामान येते.

आता स्क्रू. नेहमीचा स्क्रू उजवीकडे फिरवला की आवळतो. उजव्या हाताने तो फिरवताना तळवा वर येण्याच्या दिशेने मनगट फिरते आणि दंडाचा मोठा स्नायू त्यात जोर देतो. डाव्या हाताने तोच स्क्रू आवळताना तळवा खाली जाण्याच्या दिशेने फिरतो आणि त्या दिशेला हाताची ताकद कमी असते. म्हणून डावखुरा माणूस स्क्रू सोडवण्यात सरस आणि आवळण्यात लवकर दमणारा असतो. दिवसभर जुळणी करणाऱ्याचे कोपर याच कारणाने दुखते. उपाय अवघड नाही. जाड मुठीचा किंवा ‘टी’ आकाराच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर घ्यावा, शक्य तिथे रॅचेटचा (एकाच दिशेला पकडून फिरणारा) घ्यावा, आणि शेवटचा आवळ टॉर्क (आवळण्याचा जोर) ठरवून दिलेल्या यंत्राने द्यावा. रॅचेट असला की मनगटाचा पूर्ण फेरा लागत नाही, छोट्या छोट्या झटक्यांत काम होते.

ड्रिलच्या बाबतीत दुखणे नव्हे, धोका आहे. तारेच्या बऱ्याच ड्रिलना ट्रिगर दाबलेला ठेवणारे लॉक बटण मुठीच्या डाव्या बाजूला असते, उजव्या अंगठ्याला सहज लागावे म्हणून. डाव्या हाताने मूठ धरली की त्याच जागी तर्जनीचे मूळ किंवा तळव्याची कड येते. जोर दिला की बटण नकळत दाबले जाते. बिट (भोक पाडणारे टोक) अडकते, माणूस ट्रिगर सोडतो आणि ड्रिल फिरतच राहते. ट्रिगर पुन्हा पूर्ण दाबून सोडल्याशिवाय लॉक सुटत नाही, आणि हिसका बसत असताना ते कोणाला सुचणार? डावखुऱ्यासाठी लॉक नसलेले ड्रिल निवडावे. ते नसेल तर प्लग लावण्याआधी ट्रिगर दाबून-सोडून लॉक मोकळे आहे का ते बघण्याची शिस्त लावावी. बटण स्वतः उपटून किंवा चिकटवून ठेवू नये, स्विच दुरुस्ती करणाऱ्याकडून बदलून घ्यावा.

हिसक्याची दिशाही समजावून सांगावी लागते. बिट उजवीकडे फिरत असताना अडकले की ड्रिलचे धड मागून पाहता डावीकडे फिरते. जोडमूठ (दुसऱ्या हाताने धरायची बाजूची मूठ) डाव्या बाजूला असेल तर ती खाली दाबली जाते, उजव्या बाजूला असेल तर वर उसळते. म्हणजे उजव्या हाताने ड्रिल धरणाऱ्याने जोडमुठीला खालून आधार द्यायचा आणि डाव्या हाताने धरणाऱ्याने ती वरून दाबून धरायची. प्रशिक्षणात पहिलीच रीत दाखवली जाते. डावखुरा ती आरशात बघावी तशी उलटवून घेतो, यंत्र मात्र उलटत नाही.

अँगल ग्राइंडरची (घासणारे चाक फिरवणाऱ्या हातयंत्राची) जोडमूठ दोन्ही बाजूंना बसते, ही गोष्ट फार थोडे डावखुरे वापरतात, कारण ती काढून उजवीकडे लावायला कोणी सांगतच नाही. मूठ हलवली की गार्डही (चाकावरचे संरक्षक आवरण) फिरवून घ्यावा लागतो, म्हणजे चाक आणि अंग यांच्या मध्ये तो राहील आणि ठिणग्या अंगापासून दूर जातील. चाकाची फिरण्याची दिशा बदललेली नसते, म्हणून काम सुरू करण्याआधी गिअर हेडवरचा (चाक बसवलेल्या पुढच्या भागावरचा) बाण बघून ठिणग्या कुठे उडणार ते ठरवावे. सरकता स्विच डाव्या अंगाला असलेले ग्राइंडर डाव्या हातात घेतले की तो बंद करायला पकड सैल करावी लागते, आणि फिरत्या चाकावर पकड सैल करणे म्हणजे नसते संकट. त्याऐवजी पोटाखाली लांब पट्टीचा दाबस्विच असलेले मॉडेल घ्यावे. ते दोन्ही हातांना सारखे चालते आणि सोडले की थांबते. काही ग्राइंडरमध्ये चार स्क्रू काढून गिअर हेड ९० अंशांनी फिरवता येते. ते फक्त उत्पादकाच्या पुस्तिकेत तशी परवानगी असेल तरच करावे, आणि फिरवताना हेड मोटरच्या घरापासून ओढून वेगळे करू नये. वेगळे झाले तर आतले कार्बन ब्रश जागेवरून हलतात आणि यंत्र दुरुस्तीलाच न्यावे लागते.

हातातल्या गोल करवतीत पाते मोटरच्या कोणत्या बाजूला आहे ते बघावे. पाते उजवीकडे असलेली करवत डाव्या हातात धरली की कापाची रेघ समोर दिसते. पाते डावीकडे असेल तर मोटर आड येते आणि डावखुरा वाकून बघतो, म्हणजे तोंड पात्याच्या जवळ नेतो. इथे बाजारात दोन्ही प्रकार आधीच आहेत, निवड नीट करायची आहे इतकेच. भुसा कोणत्या बाजूला फेकला जातो तेही बघून घ्यावे. डोळ्यांवर चष्मा सगळ्यांनाच हवा, पण भुसा थेट अंगावर येणाऱ्याला जास्त.

टेबल करवतीवर मात्र सरसकट उलटापालट करू नये. सरळ कापात फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची सरळ पट्टी) पात्याच्या डावीकडे घेऊन डाव्या हाताने लाकूड ढकलणे जमते. तिरक्या कापात तसे करण्याआधी पाते कोणत्या बाजूला कलते ते बघायलाच हवे. पाते डावीकडे कलत असेल आणि फेन्सही डावीकडे असेल तर लाकूड दोघांच्या कोनात अडकते आणि उलट ढकलणाऱ्याच्या अंगावर येते. तिरक्या कापात फेन्स नेहमी पात्याच्या कलाच्या विरुद्ध बाजूला असावी, माणूस कोणत्याही हाताचा असो.

चेन सॉ (साखळीची यांत्रिक करवत) तर उलट्या हाताने धरूच नये. उजवा हात मागच्या मुठीवर आणि ट्रिगरवर, डावा हात पुढच्या मुठीवर, अंगठा मुठीखालून गुंडाळलेला: ही रीत डावखुऱ्यांसाठीही तीच आहे आणि त्याला कारण आहे. या पकडीत अंग साखळीच्या रेषेच्या डावीकडे राहते. साखळी जिच्यावर फिरते त्या पट्टीचे टोक उसळून मागे आले तर ते अंगाच्या बाजूने जाते, आणि पुढचा गार्ड डाव्या मनगटाला लागून ब्रेक बसतो. हात बदलले की डोके आणि खांदा थेट पट्टीच्या रेषेत येतात. तुटलेली साखळी अडवायची सोयही उजव्या हाताच्या रक्षणासाठी केलेली असते. म्हणून डावखुऱ्याला हे यंत्र देताना ‘तुला सोयीचे पडेल तसे धर’ असे म्हणणे ही मदत नव्हे. त्याला उजवी पकड शिकायला जास्त वेळ द्यावा. आधी यंत्र बंद ठेवून उभे राहण्याची जागा, मग नुसते उचलणे-ठेवणे, मग पातळ ओंडके. बाकीच्यांना जे एका दिवसात जमते त्यासाठी डावखुऱ्याला तीन दिवस लागले तर ते तीन दिवस कामाचेच धरावेत.

याच्या अगदी उलट उदाहरण लेथचे. फिरत्या नगावर कानस मारताना मूठ उजव्या हातात असेल तर टोक धरायला पुढे गेलेला डावा हात फिरत्या चकच्या (नग घट्ट धरणाऱ्या भागाच्या) वरून जातो. म्हणून चांगले शिक्षक उजव्या हाताच्या माणसालाही तिथे डाव्या हाताने कानस धरायला लावतात: मूठ डाव्या हातात, टोक उजव्या हातात, बाही चकपासून लांब. डावखुऱ्याला हे आपसूक जमते. अशा कामात त्याचा हात ‘सुधारायला’ जाणारा मुकादम त्याला धोक्यात ढकलतो.

मोजमापातल्या चुका दिसत नाहीत, पण माल वाया घालवतात. मेजर टेपचे हूक डाव्या टोकाला लावून फीत उजवीकडे ओढली की आकडे सुलटे वाचता येतात. डावखुऱ्याला खूण डाव्या हाताने करायची असल्याने तो हूक उजव्या टोकाला लावतो आणि आकडे उलटे होतात. मग ६८ सेंटिमीटरच्या जागी ८९ वाचले जाते, ६६ च्या जागी ९९. इतकी मोठी चूक लगेच कळते. पण घाईत शेजारच्या रेघा मोजताना दोन-तीन मिलिमीटरची जी चूक होते ती कळत नाही. दोन्ही दिशांनी वाचता येतील असे आकडे छापलेल्या फिती मिळतात, त्याच सगळ्यांसाठी घेतल्या तर वेगळी नोंद ठेवायचीही गरज नाही. व्हर्नियर कॅलिपरचेही (जबड्यांत धरून बारीक माप घेणाऱ्या पट्टीचेही) असेच आहे. डाव्या हातात जबडे उजवीकडे येतात आणि पट्टी उलटी होते. डाव्या हाताचे कॅलिपर बनतात, मागवावे लागतात. प्रयोगशाळेतल्या मुठीच्या मापपात्रावर एकाच बाजूला खुणा असतील तर डाव्या हातात धरल्यावर त्या पलीकडे जातात. दोन्ही बाजूंना खुणा असलेले पात्र हे साधे उत्तर.

कचेरीत प्रश्न कमी आहेत, पण तिथेही लोक विनाकारण सोसतात. माऊसची मुख्य कळ बदलता येते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’मध्ये ‘माऊस’ उघडून ‘प्रायमरी माऊस बटन’ उजवे करायचे. एकच संगणक अनेक जण वापरत असतील तर डावखुऱ्याला स्वतंत्र लॉगिन द्यावे, म्हणजे दर पाळीला बदलाबदल नको. हाताच्या आकाराचे उभे माऊस उजव्या आणि डाव्या हाताचे वेगळे येतात. ‘आरोग्यासाठी चांगला’ म्हणून सगळ्यांना उजवाच वाटला तर डावखुऱ्याला तो साध्या माऊसपेक्षा वाईट पडतो. यात एक फायदाही आहे: कीबोर्डची अंकपट्टी उजवीकडे असल्याने डावीकडे ठेवलेला माऊस अंगाच्या जवळ राहतो, खांदा ताणला जात नाही. दिवसभर आकडे भरणाऱ्या डावखुऱ्याला सुटी अंकपट्टी डावीकडे बसवून द्यावी. सहीच्या यंत्राला बांधलेला पेन दोन्ही बाजूंना पोहोचेल इतकी दोरी असावी.

लिहिताना डावा हात ओल्या शाईवरून सरकतो, म्हणून जेल पेनपेक्षा लवकर वाळणाऱ्या शाईचा पेन द्यावा. कागदाचा वरचा भाग उजवीकडे कलेल असा तो ३० ते ४५ अंश फिरवावा आणि हात ओळीच्या खाली ठेवावा, म्हणजे मनगट हुकासारखे वळवावे लागत नाही. प्रशिक्षणवर्गातल्या, उजव्या हाताला फळी असलेल्या खुर्च्यांवर परीक्षा देणारा डावखुरा पूर्ण वेळ कंबरेतून वळून बसलेला असतो. ४० खुर्च्यांमागे चार-पाच खुर्च्या डाव्या फळीच्या ठेवाव्यात, किंवा सरळ टेबले द्यावीत.

दंतवैद्यकात तर सगळी खोलीच हाताला बांधलेली असते. घड्याळाच्या तबकडीवर रुग्णाचे डोके १२ च्या जागी आहे असे धरले तर उजव्या हाताचा दंतवैद्य साधारण ७ ते १२ च्या बाजूला बसतो आणि डावखुरा १२ ते ५ च्या. यंत्राच्या नळ्या, दिवा, मदतनीसाची जागा हे सारे त्याप्रमाणे उलटे लागते. बाजू बदलता येणारी खुर्ची मुळातच घेतली नसेल तर नंतर काही करता येत नाही. शस्त्रक्रियेच्या सुईधारकाची आणि चिमट्यांची खाच उजव्या अंगठ्याच्या ढकलण्याने सुटते, डाव्या अंगठ्याला ती ओढून सोडवावी लागते. ही ओढ टाक्यापर्यंत पोहोचते. शिकाऊ डॉक्टरला डाव्या हाताची उपकरणे पहिल्या वर्षीच मिळाली पाहिजेत.

डावखुरी माणसे मुळातच अपघाती, त्यांचे आयुष्यही कमी, असा समज अजून ऐकू येतो. त्याला १९९१ साली हॅल्पर्न आणि कोरेन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या निष्कर्षाने बळ मिळाले होते. त्यावर पुढे सडकून टीका झाली. जुन्या पिढीतल्या पुष्कळ डावखुऱ्यांना लहानपणीच उजव्या हाताची सक्ती झाली होती, म्हणून वयस्करांत डावखुरे कमी दिसले, ते लवकर गेले म्हणून नव्हे. अपघाताच्या नोंदीत ‘निष्काळजीपणा’ लिहिण्याआधी कामगाराचा हात कोणता, मूठ कोणत्या बाजूला होती, लॉक बटण कुठे होते, या तीन गोष्टी लिहाव्यात. सुरक्षा अधिकाऱ्यांना आमचे हे कळकळीचे सांगणे आहे.

शिकवणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. डावखुऱ्याला शेजारी उभे करून शिकवू नका, समोर उभे करा. उजव्या हाताच्या हालचाली त्याला आरशातल्यासारख्या दिसतात आणि तशाच उचलता येतात. चेन सॉसारख्या, हात न बदलायच्या यंत्रांना मात्र त्याच्या मागे उभे राहून तीच पकड दाखवा. आणि कोणत्याही यंत्राचा आपत्कालीन थांबा त्याच्या डाव्या हाताने, पाय न हलवता, गाठता येतो का, हे यंत्र सुरू करण्याआधी त्यालाच करून दाखवायला सांगा.

उत्पादकांकडून अपेक्षा छोटी आहे. पुस्तिकेत डाव्या हाताच्या पकडीचे एक चित्र छापावे. पकड बदलायची नसेल तर तसे कारणासह छापावे. आणि वेष्टनावर ‘दोन्ही हातांसाठी’ लिहायचे तर त्यात पाते, स्विच आणि गार्ड तिन्ही धरलेले असावेत.

आपले,
अवजारांचे प्रशिक्षण देणारे काही वाचक